पांढरीतली वीज कोण पितं?

१

दोन्ना कोन्सिल्याने किल्ली फिरवली आणि पांढरीने हूं की चूं केलं नाही. तिने पुन्हा फिरवली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा जरासा मिणमिणला आणि तोही विझला.

घरात घडलं असतं तर झाकून ठेवता आलं असतं. पण तिच्या गॅरेजचं दार उघडतं ते थेट चौकात, आणि त्या सोमवारी सकाळी चौकात मासळीबाजार भरलेला होता. त्यामुळे ऑगस्टातल्या संताच्या जत्रेनंतर पांढरीची बॅटरी चौथ्यांदा उतरली, ही बातमी कोळंबीच्या आधी खपली.

तेक्ला मार्त्सानो चार्ज केलेली बॅटरी हातगाडीवर घालून पोचली, तेव्हा कोन्सिल्याचा मुलगा इपात्सियो आपला मासळीचा ठेला सोडून गाडीच्या दाराशी उभा होता. हात पुढे, तळवा वर.

"दे किल्ली."

"का म्हणून?"

"परत दिवे चालू ठेवून झोपलीस, म्हणून."

"दिवे मी बंद केले होते."

"मागच्या वेळीही हेच म्हणालीस."

"कारण मागच्या वेळीही बंदच केले होते."

ऐंशी ओलांडलेली कोन्सिल्या स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसली होती. नवरा होता तोवर त्याने तिला या सीटवर बसू दिलं नव्हतं. तो गेला त्या वर्षी, अख्खं गाव नको नको म्हणत असताना, ती याच गाडीवर चालवायला शिकली. तेव्हापासून जैतुनाच्या बागेत, बहिणीकडे, समुद्रावर, कुठेही जायचं तर कुणाच्या तोंडाकडे बघायची तिला गरज पडली नव्हती.

"दृष्ट लागलीय गाडीला," गर्दीतली एक बाई म्हणाली. "जत्रेत फुलांनी सजवून मिरवली. सगळं गाव टक लावून बघत होतं."

इपात्सियो मोठ्याने हसला. "दृष्टबिष्ट काही नसतं, मावशी. वय असतं." मग त्याने तेक्लाकडे बोट केलं. "हिलाच विचारा. हिने दोनदा गाडी तपासली. काय म्हणालीस गं तू?"

"गाडीत काही दोष नाही, असं म्हणाले."

"ऐकलंत? गाडीत दोष नाही. मग दोष कुणात आहे?"

तेक्लाला ते फार झोंबलं. तिचंच वाक्य उचलून त्याने आईच्या डोक्यात घातलं होतं.

कोन्सिल्या गाडीतून उतरली आणि किल्ली तिने खिशात नव्हे, सरळ ब्लाउजच्या आत टाकली. "रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला या. तू ये, मेकॅनिक दोनातो येऊ दे, शेजारचा ओरोन्झोही येऊ दे, त्याला माझी गाडी हवीच आहे. तोवर तेक्लाला कारण सापडलं नाही तर मी किल्ली टेबलावर ठेवीन. मग गाडी विका, मला खोलीत बसवा, काय हवं ते करा. पण तोवर किल्ली माझी."

गर्दी पांगल्यावर तिने तेक्लाचं मनगट धरलं. "पोरी, मी विसरत नाही. तेवढं सिद्ध कर. गाडीचं मग बघू."

२

आमच्या किनाऱ्यावर इंजिन बिघडलं की मेकॅनिककडे जायचं आणि वायर बिघडली की इलेक्ट्रिशियनकडे, आणि दोघांनी एकमेकांच्या ताटात हात घालायचा नाही. तेक्लाचा बाप गावातल्या गाड्यांच्या वायरी बघायचा, आता ती बघते. बाई वायरी जोडते म्हणून सुरुवातीला लोक हसले. तिने हसू दिलं, आणि बिल दुप्पट लावलं.

मंगळवारी ती गॅरेजमध्ये आली तेव्हा वारा फिरला होता. उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता आणि चौकातल्या दोऱ्यांवर कपडे फडफडत होते. तिने बॅटरीची एक केबल सोडवली आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये आपला अँपिअर मीटर जोडला. सगळं बंद असताना गाडी चोरून वीज पीत असेल, तर काटा उठायला हवा.

काटा शून्यावर मेल्यासारखा पडून होता. मागच्या दोन्ही वेळीही हेच झालं होतं.

तिने डिकीचा दिवा बघितला. डायनॅमोला हात लावून बघितला, कारण आतले कॉन्टॅक्ट चिकटले तर तो उभ्या गाडीतही गरम राहतो. गार होता. डॅशबोर्डखालची फ्यूजची पेटी उघडली. एका टोकाच्या पितळी क्लिपवर हिरवा थर चढला होता. तेक्लाच्या कपाळाला आठी पडली. हा थर तिने पंधरवड्यापूर्वी घासून काढला होता. समुद्राची हवा, असं तेव्हा ती मनाशी म्हणाली होती. पण समुद्राची हवा काय एकाच क्लिपला लागते?

स्वयंपाकघरात कोन्सिल्याने कॉफी ठेवली. टेबलावर औषधांची नवी डबी होती, वारांची नावं लिहिलेली.

"इपात्सियोने आणली," ती म्हणाली. "गोळ्याही तोच भरून जातो. पुढच्या आठवड्यात गॅसची शेगडी काढून नेणार आहे म्हणे. मी चालू ठेवून विसरेन म्हणून. कळलं का, पोरी? आज किल्ली, उद्या शेगडी, परवा माझंच नाव मला सांगायला येईल."

"गाडी लावताना तुम्ही काय काय करता?"

"दिवे बंद करते. मग समोरच्या भिंतीकडे बघते. भिंतीवर उजेड नाही असं दिसलं की मगच उतरते. तुझ्या बापाने शिकवलंय मला हे."

"ज्या सकाळी बॅटरी उतरलेली होती, त्या दिवसांत काही सारखं होतं? आदल्या दिवशी काही?"

कोन्सिल्याने विचार केला. "वार वेगळे. कधी बागेत गेले होते, कधी नव्हते. एकदा माझं डोकं चढलं होतं. एकदा दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळेनात. आणि काल सकाळी फ्रिझा पाण्यात न बुडवताच चावता आली. म्हटलं, चला, दातांना सुट्टी."

फ्रिझा म्हणजे बार्लीची दोनदा भाजलेली गोल भाकरी. पाण्यात बुडवल्याशिवाय तिला दात लावला तर दातच हातात यायचा. तेक्ला हसली आणि कॉफी पिऊन उठली.

गॅरेजमध्ये परतून ती डॅशबोर्डखाली उताणी शिरली. फ्यूजच्या पेटीमागचं पत्र्याचं झाकण दोन स्क्रूंवर बसलेलं असतं. कारखान्यातून लागलेला रंग एका स्क्रूवर अजून शाबूत होता. दुसऱ्याचा रंग उडाला होता आणि खाचेच्या कडा फाटल्या होत्या, ताज्या, चकाकत्या. स्क्रूड्रायव्हर असा घसरत नाही. इथे कुणीतरी सुरीचं टोक घातलं होतं. तिने झाकण बाजूला सारून आत टॉर्च मारला; नजर पोचत होती तिथवर नुसत्या वायरी होत्या.

३

"मी?" ओरोन्झोकाका म्हणाले. "मी चोरून झाकण उघडेन? अगं, मी चोरीच केली असती तर अख्खी गाडी नेली असती."

ओरोन्झोकाका शेजारी राहायचे. जन्मभर किनाऱ्यावरची बस चालवून निवृत्त झालेले. गॅरेजची दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती आणि पांढरी विकत मागून त्यांची जीभ झिजली होती.

"तुमच्याकडे गॅरेजची किल्ली आहे," तेक्ला म्हणाली.

"आहे. माझी सायकल तिथेच असते. पण मला सांग, जी गाडी मला हवी आहे तिची बॅटरी मी कशाला मारू?"

"वैतागून दोन्ना कोन्सिल्याने ती विकावी म्हणून."

म्हातारा बसचा हॉर्न दाबून दमलेल्या ड्रायव्हरसारखा तिच्याकडे बघत राहिला. "सुचलं नाही मला हे. सुचलं असतं तरी केलं नसतं. ती बाई तिरसट आहे, पण डोकं लखलखीत आहे. पत्त्यांत मला गेल्या गुरुवारी नागवलं तिने. कुठलं पान पडलंय आणि कुठलं राहिलंय, सगळं पाठ."

बोलत बोलत दोघं गॅरेजपाशी आले. इपात्सियो आईसाठी बांगड्यांची पिशवी घेऊन आला होता आणि गाडीपासून हातभर लांब उभा होता, कारण पांढरीत मासळी न्यायची नाही हा कोन्सिल्याचा दंडक होता.

ओरोन्झोकाकांनी पांढरीच्या टपावरून हात फिरवला. "काय देखणी आहे. इतक्या वर्षांत अंगावर एक सुरकुती नाही. हिच्यासारखी या किनाऱ्यावर दुसरी नसेल."

आमच्याकडे अशी तारीफ केली की पाठोपाठ 'देव भलं करो' म्हणायचं असतं. ओरोन्झोकाकांना तेवढं कधी सुचत नाही. इपात्सियोने मासळीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा हात दाराच्या लोखंडी बिजागरीवर टेकवला.

"दमलास का?" तेक्लाने विचारलं.

"पहाटे चारला उठतो मी. तुझ्यासारखा दुपारी नाही." त्याने हात काढला. "सापडला का चोर?"

"झाकण कुणीतरी सुरीने उघडलंय."

"मग त्या दोनातोला विचार. जत्रेआधी गाडी त्याच्याकडेच होती," तो म्हणाला आणि पिशवी घेऊन जिना चढून गेला. फार घाईने चढला, असं तेक्लाला वाटलं.

४

मेकॅनिक दोनातो, गावाचा 'मास्त्रो' म्हणजे उस्ताद, आणि तेक्ला यांचं फारसं सख्य नव्हतं. एकाच गाडीच्या दोन टोकांना काम करणाऱ्यांचं नसतंच.

"मास्त्रो दोनातो, सुरीने स्क्रू कोण काढतं?"

"खाटीक," तो इंजिनातून डोकं न काढता म्हणाला. "ही भिंत बघ. यावर स्क्रूड्रायव्हर टांगलेत. माझ्या हातात सुरी दिसली तर समज, मी जेवतोय."

"जत्रेआधी तुम्ही पांढरीचं काय केलं होतं?"

"ब्रेक. आणि तुला खरं सांगू? त्या गाडीच्या सगळ्या वायरी उपटून नव्या घाल आणि मोकळी हो. जुनं झालं की कुठेतरी गळतंच."

"कुठे गळतं ते कळल्याशिवाय मी एक वायर उपटणार नाही."

"बापावर गेलीस." त्याने शेवटी डोकं वर काढलं. "पाणीही गळतं तिच्यात. जत्रेनंतर पुन्हा ब्रेक बघायला गेलो होतो तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई ओली होती. समोरच्या काचेचं रबर गेलं असणार."

"काचेवर नळी धरून बघितलीत?"

"बघितली. थेंब आला नाही."

"पाऊस पडला होता त्या आठवड्यात?"

दोनातोने हात पुसता पुसता आठवून पाहिलं. "नाही बुवा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला तोरा उतरला. "पाऊस तर नव्हता."

तेक्ला जवळजवळ पळतच गॅरेजमध्ये आली. चटई कोरडी होती, पण फ्यूजच्या पेटीच्या बरोबर खाली पांढरट वर्तुळ उमटलं होतं. पाणी आटल्यावर भांड्याच्या बुडाशी राहतं तसं. तिने बोट ओलं करून त्यावर फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट.

ती तशीच खाली बसली. डोकं चढलं होतं. कपडे वाळेनात. फ्रिझा मऊ पडली. ही म्हातारीची रड नव्हती, हा शिरोक्को होता. आग्नेयेकडून समुद्र ओलांडून येणारा तो दमट, चिकट वारा, जो सुटला की गावात दारं फुगतात आणि मिठाच्या भांड्यात पाणी सुटतं. आणि तेक्ला दरवेळी कामातून मोकळी होऊन गाडी तपासायला यायची ती वारा फिरल्यावर, कोरड्या हवेत.

चोर घरातच बसून होता. तो फक्त दमट हवेत जागा व्हायचा.

५

शनिवारी इपात्सियोच्या ठेल्यावर गर्दी ओसरल्यावर तेक्ला गेली. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. तो तिची शाईची दौत उलटायचा आणि ती त्याचा डबा खायची.

"आईची किल्ली घेऊन तुला काय मिळणार आहे?" तिने विचारलं.

"झोप मिळेल." तो बारीक पात्याच्या सुरीने मासा साफ करत होता. "बागेच्या रस्त्याची वळणं बघितलीस ना? एका बाजूला कडा, खाली समुद्र. ती निघाली की ती परत येईपर्यंत माझं चित्त थाऱ्यावर नसतं. बाबा त्याच रस्त्यावर गेले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तुला आठवतं."

"आठवतं. मोटारसायकलवर होते ते. आणि वळण ट्रकवाल्याने कापलं होतं."

"म्हणजे त्यांची चूक नव्हती, तरी गेलेच ना?" त्याने सुरी खाली ठेवली. "आता ती दिवे विसरते. उद्या ब्रेक विसरेल. मी काय बघत बसू?"

"ती विसरत नाही, इपात्सियो."

"मग वीज काय भुतं पितात?"

तेक्लाने सुरीकडे बघितलं. टोकाशी पातं जरासं वाकलेलं होतं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर तो झटकून मोकळा झाला असता, आणि कोन्सिल्याला हवं होतं ते चौकात गमावलेलं नाव, कुजबुजीत मिळालेली माफी नव्हे.

"उद्या जेवायला ये," ती म्हणाली. "उशीर करू नकोस."

तिथून ती थेट कोन्सिल्याच्या स्वयंपाकघरात गेली. "दोन्ना कोन्सिल्या, तुमच्याकडे सगळ्यात मोठं पातेलं कुठलं आहे?"

६

रविवारी दुपारी गॅरेजचं दार सताड उघडं होतं. उत्तरेचा वारा होता, आकाश निरभ्र. चर्चमधून सुटलेली माणसं चौकात रेंगाळत होती आणि रेंगाळायला आणखी एक कारण मिळालं म्हणून खूश होती.

मीटर जोडलेला होता. "काटा बघा," तेक्ला म्हणाली. ओरोन्झोकाकांनी चष्मा काढून पुसला आणि बघितला. शून्य. दोनातोने बघितला. शून्य.

"बघितलं?" इपात्सियो म्हणाला. "गाडी ठीक आहे."

"थांब जरा." तेक्लाने वर हाक मारली. "आणा."

कोन्सिल्या आणि ओरोन्झोकाकांची बायको असं दोघींनी मिळून उकळत्या पाण्याचं पातेलं खाली आणलं. पास्त्याचं पाणी. "यात मीठ घालू का आधी?" कोन्सिल्याने विचारलं होतं, आणि तेक्ला नको म्हणाली होती, नुसतं पाणी पुरे.

तिने ते पातेलं पांढरीत, ड्रायव्हरच्या पायाखाली फळीवर ठेवलं आणि सगळी दारं, काचा बंद केल्या. काचांवर आतून वाफ धरली. दोनातो म्हणाला, "आता गाडीला मालीश पण कर," आणि लोक हसले. मग हसणं विरलं, कारण काही होईना. काटा होता तिथेच होता. इपात्सियोने दोनदा घड्याळ बघितलं. कोन्सिल्या हाताची घडी घालून उभी होती आणि तिची हनुवटी तसूभरही खाली आली नव्हती.

"हलला," ओरोन्झोकाका म्हणाले.

काटा हलला होता. मग थोडा आणखी. मग कुणीतरी ढकलल्यासारखा वर सरकत गेला आणि थरथरत तिथेच राहिला. सगळे दिवे बंद, किल्ली कोन्सिल्याच्या ब्लाउजात, आणि गाडी वीज पीत होती.

"हा शिरोक्को," तेक्ला म्हणाली. "मी पातेल्यातून आणला. पांढरीची बॅटरी फक्त शिरोक्कोत उतरते."

तिने पातेलं बाहेर काढलं, आत वाकून एकेक फ्यूज उपटला आणि दरवेळी दोनातोला विचारलं, "उतरला का काटा?" दरवेळी तो नाही म्हणाला. सगळे फ्यूज निघाले तरी काटा तसाच.

"म्हणजे गळती फ्यूजच्या अलीकडे आहे," दोनातो स्वतःशीच म्हणाला. "बॅटरीकडून आलेली वायर जिथे पेटीला लागते तिथे."

"तिथेच." तेक्लाने झाकणाचे स्क्रू काढले, बोटं मागे खुपसली, जिथे नजर पोचत नाही, आणि काहीतरी ओढून काढलं. काटा धप्पकन शून्यावर पडला.

तिच्या तळहातावर एक छोटी पुरचुंडी होती. निळ्या चौकड्यांचं कापड, ओलं गच्च, एका कडेला हिरवं पडलेलं. जाळं विणायच्या दोऱ्याने बांधलेली. तिने ती सोडली. आत जाडं मीठ होतं.

चौकात कुणी हसलं नाही. दृष्टीसाठी मिठाची पुरचुंडी आमच्याकडे पाळण्याखाली असते, उंबऱ्याशी असते, नव्या होडीत असते. प्रत्येकाने कधी ना कधी ठेवलेली असते.

"दमट हवेत हे मीठ पाझरायचं," तेक्ला म्हणाली. "कापड भिजायचं. एका बाजूला वीज असलेली क्लिप, दुसऱ्या बाजूला गाडीचा पत्रा, मध्ये खारं पाणी. रात्रभर वीज त्यातून वाहायची. वारा फिरला की पुरचुंडी वाळायची आणि मला काही सापडायचं नाही."

"पण ठेवली कुणी?" ओरोन्झोकाकांनी विचारलं.

"तुम्ही नाही. गाडीचं वाईट व्हावं असं वाटणारा माणूस तिच्यात मीठ ठेवत नाही. मीठ ठेवतो तो, ज्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. मास्त्रो दोनातोही नाही. त्यांनी स्क्रूड्रायव्हर वापरला असता, आणि पुरचुंडी क्लिपला टेकवली नसती. हे त्याने केलं ज्याच्याकडे बारीक पात्याची सुरी आहे, ज्याला जाळ्याची गाठ येते, आणि जो गाडीची कुणी तारीफ केली आणि 'देव भलं करो' म्हटलं नाही, की गुपचूप लोखंडाला हात लावतो." तिने बिजागरीकडे बघितलं. "मला वाटलं होतं, दमलाय."

कोन्सिल्याने पुरचुंडीचं कापड हातात घेतलं. निळ्या चौकड्यांवरून अंगठा फिरवला. "हा तुझ्या बाबांचा शर्ट आहे," ती म्हणाली. "हा मी टाकून दिला होता."

"तू टाकलास. मी उचलला," इपात्सियो म्हणाला.

७

तो जमिनीकडे बघत बोलला. जत्रेच्या दिवशी सगळं गाव पांढरीकडे बघत होतं. ओरोन्झोकाका तर सारखे. रात्री त्याला झोप लागली नाही. दृष्टबिष्ट नसते हे त्याला माहीत होतं, ते तो रोज ठेल्यावर सांगायचाही. पण कडा खरा होता. पहाटे उठून त्याने मीठ ठेवलं आणि मग ते विसरून गेला.

"कोण विसरलं?" कोन्सिल्याने विचारलं.

इपात्सियो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने सांग. सोमवारी इथेच उभा राहून मोठ्याने बोलत होतास."

"मी विसरलो."

"आणि मी?"

इपात्सियोने मनगटाने डोळे पुसले. तेक्लाला वाटलं, आता ही त्याला जवळ घेईल. कोन्सिल्याने घेतलं नाही. ती वाट बघत राहिली.

"आई काही विसरत नाही," इपात्सियो चौकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "दिवे तिने दरवेळी बंद केले होते."

"शेगडी?"

"राहू दे शेगडी."

"गोळ्या?"

"तुझ्या तू घे."

तेव्हा कुठे तिने हात वर करून त्याचा गाल थोपटला, जरा जोरातच. "घाबरलास तू, आणि म्हातारी झाले मी. हे चालणार नाही, बाळा. तुला भीती वाटली तर मला येऊन सांग. किंवा शेजारच्या सीटवर बस. पण किल्लीला हात लावायचा नाही."

तेक्लाने फ्यूज परत बसवले आणि मीटर काढून केबल जोडली. मग कोन्सिल्याने ब्लाउजातून किल्ली काढली, पांढरीत बसली आणि फिरवली. पांढरी एका झटक्यात सुरू झाली. कोन्सिल्याने चौकाला एक अख्खा फेरा मारला, हॉर्न वाजवत, मासळीच्या रिकाम्या ठेल्याला जवळजवळ घासून, आणि गाडी गॅरेजमध्ये लावून दिवे बंद केले. भिंतीकडे बघितलं. मग उतरली.

पातेलं पुन्हा चुलीवर चढलं. ओरेक्किएत्ते, म्हणजे पास्त्याच्या कानासारख्या छोट्या वाट्या, शिजल्या, टोमॅटोच्या रश्शात पडल्या, आणि सगळे टेबलाभोवती बसले. ओरोन्झोकाकांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. दोनातोने ताटाकडे बघितलं. तेक्लाला पहिल्याच घासाला कळलं. पास्ता ठार अळणी होता.

सगळ्यांचे डोळे इपात्सियोकडे गेले. त्याने तोंड उघडलं, मिठाच्या भांड्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, तोंड मिटलं, आणि दुसरा घास घेतला.

कोन्सिल्या टेबलाच्या टोकाशी बसून शांतपणे जेवत होती. पाण्याचा घोट घेऊन ती म्हणाली, "विसरले नाहीये. मुद्दाम घातलं नाही. जेव."